शपथेचा हात

“या हाताने तुम्ही दिवसभरात काय काय कामं करता?” डॉक्टर राजश्रींनी विचारलं आणि सखूने तोंड उघडायच्या आत केतनने उत्तर देऊन टाकलं.

“काय नाय मॅडम. घरीच असते. जेवणाला बाई हाय, भांड्याला बाई हाय. सकाळची वॉकला जाते, तेवढंच.”

डॉक्टरांनी सखूकडे पाहिलं. सखूने मान डोलावली आणि उजवा हात पदराखाली घेतला. ही बाई आता आपला तळहात बघणार आणि तिला सगळं कळणार, असं तिला वाटलं. पण दुखऱ्या हाताला असं पटकन लपणं झेपत नव्हतं. खांद्याच्या पुढून जी कळ निघाली ती पार कोपरापर्यंत उतरली. केतनला वाटलं, आई डॉक्टरला घाबरली. तसं ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो दाखवून सगळं नीट समजावलं. दंडात जी बेटकुळी असते, ती वर खांद्याच्या सांध्यात एका दोरीने बांधलेली असते. सखूची ती दोरी घासून घासून तिचे धागे निघाले होते. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाला, सांध्यात इंजेक्शनही झालं. आता ऑपरेशन करावं हे बरं. त्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे ती दोरी वरून कापायची आणि सोडून द्यायची. काम छोटं, हात लवकर मोकळा होतो. मात्र बेटकुळीचा गोळा जरा खाली घसरलेला दिसतो, एखाद्याला पेटके येतात आणि पिळायच्या कामात जोर थोडा कमी पडू शकतो. दुसऱ्या तऱ्हेत कापलेलं टोक बारीक स्क्रूने दंडाच्या हाडाला बांधून टाकायचं. त्यात गोळा सहसा घसरत नाही आणि पिळायची ताकद टिकायची शक्यता जास्त, पण हात दीडेक महिना झोळीत आणि पुढे कित्येक महिने जोर लावायला बंदी. दुखणं दोन्हींत जवळपास सारखंच थांबतं, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

“पिळायचं म्हंजे काय?” सखू पहिल्यांदाच बोलली.

“म्हणजे असं,” डॉक्टरांनी हाताची मूठ करून ती बाहेरच्या बाजूला वळवली. “घट्ट झाकण उघडणं, कुलपात चावी फिरवणं, स्क्रू पिळणं.”

केतन हसला. झाकणं मी उघडून देईन म्हणाला. मग डॉक्टरांनीही, कष्टाचं काम नसेल तर पहिली छोटी तऱ्हा पुरेशी आहे, असं मत दिलं आणि पुढच्या आठवड्यातला वार ठरवला. सखू त्यांच्या मुठीकडे बघत राहिली. त्या बाईने नकळत अगदी तीच हालचाल करून दाखवली होती.

पाम बीच रोडवरून गाडी करावे गावाकडे निघाली तेव्हा केतन फोनवर कुणाला तरी स्लॅब कधी पडणार ते विचारत होता. वामन आणि सखूचा हा एकुलता एक मुलगा. वडिलार्जित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर त्याने इमारत बांधली, मग दुसरी बांधली, आणि आता तो बांधकामाचा माल पुरवायचा. गळ्यात चेन, हातात कडं, आणि मनगटातलं घड्याळ पावलं मोजणारं. आईवर त्याचा जीव होता, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. सखूला भीती होती ती त्याच्या या मायेचीच.

वामन गेला तो खाडीतच. इमारतीची भाडी येऊ लागली तरी त्याचा पाय घरात ठरत नसे. एका सकाळी ओहोटीला जाळं बघायला गेला आणि चिखलात उभ्या उभ्या त्याच्या छातीत कळ आली. भरती चढायला लागली तरी बाप कसा आला नाही म्हणून केतन शोधत गेला. तिवरांच्या मुळांशी बसलेल्या वामनला त्याने एकट्याने काठावर आणलं. त्या दिवसाबद्दल केतन कधीच काही बोलला नाही. दहाव्याला मात्र त्याने सगळ्या भावकीदेखत आईचा उजवा हात उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि तिच्याकडून वदवून घेतलं की यापुढे ती चिखलात पाय टाकणार नाही.

सखूने शपथ पाळली. अगदी मनापासून पाळली. पण घरात तिच्या हाताला कामच उरलं नव्हतं. मासळी साफ केलेली यायची, पीठ मळलेलं असायचं, नातू हॉस्टेलला. ती सोफ्यावर बसून टीव्ही बघायची आणि खिडकीतून वारा आला की तिला नुसत्या वासावरून कळायचं, आता पाणी उतरलं असेल, खडक उघडे पडले असतील, कालवं तोंडं मिटून बसली असतील. लहानपणापासून ती कालवं काढायची. कालव म्हणजे दगडाला चिकटलेला हट्टी शिंपला. टोकदार कोयतीचं टोक त्याच्या फटीत घालायचं आणि मनगट बाहेरच्या बाजूला एकदाच पिळायचं. त्या एका पिळात कालव उघडलं पाहिजे, नाहीतर आतला जीव फाटतो. आयुष्यात इतकं चोख तिला दुसरं काहीच येत नव्हतं.

मग भाविकाने, केतनच्या बायकोने, तिच्यासाठी पांढरे शुभ्र बूट आणले. डॉक्टर चाला म्हणतात, तर आई, तुम्ही मॉर्निंग वॉकला जात जा. सखू बूट घालून निघाली. पहिल्या दिवशी सिग्नलपर्यंत गेली आणि परत आली. आठवडाभराने वॉक वळला तो शेजारच्या पुतळाच्या मागच्या दाराशी. तिथे बूट काढायचे, साडीचा काष्टा मारायचा, कोयती घ्यायची आणि दोघी बायका जेट्टीपलीकडच्या खडकांवर. परत येताना पाय धुऊन पुन्हा पांढरे बूट. बुटांना कधी धुळीचा कण लागला नाही, याचं त्या घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

सखूला मात्र सुख लागलं नाही. शपथ मोडल्यावर महिन्याभरात केतनच्या गाडीला मागून टेम्पो धडकला. बंपर गेला, बाकी काही नाही, पण सखूच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दर वेळी ती ठरवायची की आता बस, आणि अमावास्येचं मोठं पाणी उतरलं की पाय आपोआप बूट शोधायचे. शेवटी एका घट्ट कालवाला पीळ देताना तिच्या खांद्यात कटकन आवाज झाला आणि कोयती हातातून गळून पडली. घरी तिने बाथरूमची बादली उचलताना लचक भरली असं सांगितलं. स्वतःला सांगितलं ते वेगळंच. ज्या हाताने पोराच्या डोक्यावर शपथ वाहिली, तोच हात गावदेवीने धरला. आज हात धरला, उद्या काय धरेल?

पुतळाला हे सगळं ठाऊक होतं. ऑपरेशनचा वार ठरल्यावर सखू तिच्या ओट्यावर जाऊन बसली तेव्हा पुतळाने आधी चहा दिला आणि मग धीर देण्याच्या नावाखाली आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट काढली. भुलीतून शुद्धीवर येताना म्हणे ती अखंड बडबडत होती. सुनेपासून लपवलेल्या सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेची जागा तिने सुनेलाच सांगितली होती, तीही दोनदा. नर्स आणि वॉर्डातल्या बायका हसून हसून बेजार. पुतळा आता त्यावर स्वतःही हसली.

सखू हसली नाही. हे तर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. भुलीत आपण बोललो तर? केतन उशाशीच बसलेला असणार.

“मग आधीच सांगून टाक,” पुतळा म्हणाली.

“कशाला? पोर मरेल माझं.”

“सांगितल्यानं मरत नाय कोन.”

“शपथ मोडल्यानं मरतं,” सखू म्हणाली आणि बशी खाली ठेवली.

पुतळाने मग व्यवहाराची गोष्ट सांगितली. आता वय झालं, छोटं ऑपरेशन करून घे, दुखणं गेलं म्हणजे झालं. कालवं काय, बाजारात मिळतात. उठताना सखूची नजर दारामागच्या कोयतीवर गेली. छोट्या ऑपरेशननंतर कोयती कदाचित चालेलही, डॉक्टरांनी नाही कुठे म्हटलं होतं. पण ‘कदाचित’ म्हणजे काय, ते तिला पक्कं माहीत होतं. अर्धा पीळ, आणि हातात फाटलेलं कालव. गावदेवीची ओटी भरावी असं तिच्या मनात आलं, पण देवळाच्या पायरीपर्यंत जाऊनच ती परतली. देवीच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिची छाती झाली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत भाविकाने तिचे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. कानातल्या कुड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. अंगात तो मागून बांधायचा हिरवा झगा. सखूला वाटलं, आपण उघड्यावर बसलोय. पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणून घसा कोरडा पडला होता. केतन खाली गाडी लावायला गेला होता.

भाविका पवण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. तशी अबोल मुलगी. सासूशी तिचं बोलणं भाजी काय करायची याच्या पुढे फारसं जात नसे. वेणीची गाठ मारताना ती हळूच म्हणाली, “आई, तुमचा वॉक एक दिवस सहाला असतो, दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, मग आणखी उशिरा. पंधरवड्याने परत सहाला.”

सखूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“माझं माहेर पण खाडीकडचंच आहे,” भाविका म्हणाली. “मला पाणी कळतं. मी त्यांना काही बोलले नाही. पण डॉक्टरांना सांगा, आई. हात तुमचा आहे.”

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर राजश्री आल्या आणि त्यांच्यामागून केतन. डॉक्टरांच्या हातात जाड टोकाचं पेन होतं. कुठल्या खांद्याचं ऑपरेशन ते आधी कातडीवर लिहून ठेवतात, असं सांगून त्यांनी सखूच्या उजव्या खांद्यावर बाण काढला. पेनाचा गार स्पर्श झाला तशी सखू शहारली. मग डॉक्टर सहज म्हणाल्या की ठरल्याप्रमाणे दोरी सोडून द्यायची, वेळ फार लागणार नाही.

सखूला पुढची सगळी वाट एकदम दिसली. आत नेतील, सुई टोचतील, भूल चढेल, आणि उठवतील तेव्हा तिच्या तोंडून काय निघेल ते तिच्या हातात नसेल. ती इतकी घाबरली की घाबरायला आणखी जागाच राहिली नाही. तिने पदर शोधला, पदर नव्हता. मग तिने उजवा हात तसाच पुढे केला, तळहात वर करून. बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या मुळाशी कालवांच्या धारेने कापलेले पांढरे व्रण होते. काही जुने, काही ताजे.

“मी कालवं काढते,” ती म्हणाली. “असं.” आणि तिने मनगट पिळून दाखवलं. कळ आली, ती तिने ओठ चावून गिळली. “मना तेवढंच येतं बाय. तेवढं राहील असं करा.”

डॉक्टरांनी तो हात हातात घेतला, व्रण पाहिले आणि खुर्ची ओढून बसल्या. हे आधी सांगायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत. असा पीळ रोजचा असेल तर मी दोरी हाडाला बांधेन, पण ताकद पूर्ण राहीलच असा शब्द देणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. हाड विरळ निघालं तर आत गेल्यावर निर्णय बदलावा लागेल. संमतीची सही नव्याने करावी लागेल. आणि येता पावसाळा सरेपर्यंत वॉक म्हणजे वॉकच, खडक नाही.

सखू हे सगळं ऐकत होती, पण बघत होती केतनकडे. तो भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढरा पडला होता.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“झाले दोन पावसाळे.”

“आये, माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास तू.”

“म्हनून तर भ्या वाटतंय,” सखू म्हणाली. “मना माझ्या हाताचं भ्या नाय रं. तुझं हाय.”

केतन दार ढकलून बाहेर गेला. भाविका दारापर्यंत गेली आणि परत येऊन सासूच्या शेजारी बसली. नव्या कागदावर सखूने डाव्या हाताने अंगठा द्यावा की उजव्या हाताने सही करावी, याचा थोडा घोळ झाला. शेवटी तिने उजव्यानेच सही केली. शाळेत चौथीपर्यंत शिकलेली सही, वेडीवाकडी पण पूर्ण.

केतन लहान असताना ओहोटीच्या वेळी दारात आडवा पडायचा. तुला माझी शपथ हाय, जाशील तर, असं ओरडायचा आणि तिच्या पायाला मिठी मारायचा. सखू कितीही घाईत असली तरी ते तसंच टाकून निघत नसे. शपथ अंगावर घेऊन पाण्यात जाऊ नये, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. ती खाली बसायची, त्याला चिंबोरी आणायचं कबूल करायची आणि म्हणायची, सुटली म्हन. तो नाक ओढत, रुसल्या तोंडाने म्हणायचा, सुटली. मग ती निघायची. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते, हा पोरांचा कायदा. दहाव्याच्या दिवशी मात्र असं काही मागायची तिची हिंमत झाली नव्हती.

ट्रॉली आली. ती ढकलणाऱ्या माणसाचं नाव मारोती होतं, मध्यम वयाचा, शांत माणूस. त्याने सखूला अलगद आडवं केलं आणि लिफ्टने वर नेलं; भाविका सोबत होतीच. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते. सखू मनातल्या मनात देवीचं नाव घेत होती आणि नाव मध्येच तुटत होतं. वामनला काठावर आणून ठेवला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते, वर आभाळाकडे. ते आत्ता कशाला आठवावं, म्हणून तिने डोळे मिटले, तर ते जास्तच दिसायला लागलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी केतन उभा होता. पाठमोरा, खिडकीकडे तोंड करून. तिथून खाडीची एक राखाडी पट्टी दिसत होती.

“जरा थांबा हो,” सखू मारोतीला म्हणाली. “केतन.”

तो वळला. डोळे लाल होते. इतका धिप्पाड माणूस, पण कुणीतरी धाक घालून उभा केल्यासारखा दिसत होता.

“सुटली म्हन,” सखू म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने इकडे तिकडे पाहिलं. मारोती होता, भाविका होती, बाकावर कुणा दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक होते.

“आये, लोक बघतात.”

“बघू दे. तू बोलल्याबिगर मी आत जायची नाय. मना लय भ्या वाटतंय केतन.”

“परत जाशील तिकडं?”

नाही म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं. त्यालाही तेच हवं होतं, आणि नाही म्हणणं तिला आता सवयीचंही झालं होतं.

“जाईन,” ती म्हणाली. “हात बरा झाला तर जाईन.”

केतनने ट्रॉलीची कडा धरली. तिच्या पत्र्याकडेच बघत तो म्हणाला, “बाबांना मीच काढला, आये. पाय रुतत होते माझे. मना वाटलं, मी पण तिथंच ऱ्हायचो.”

हे त्याने तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ती आपल्या शपथेत आणि कालवांत गुंतून राहिली, आणि हे पोर रोज तो चिखल छातीशी घेऊन स्लॅबची चौकशी करत हिंडत होतं. सखूला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने उजवा हात उचलायला घेतला. तो छातीच्या वर गेलाच नाही. बाण काढलेल्या जागी कळ उमटली आणि हात अर्ध्यातच लटपटला.

ते केतनने पाहिलं. त्याने एक पाय मागे घेतला, गुडघ्यात वाकला, आणखी वाकला, आणि तेल लावून नीट बसवलेले केस असलेलं आपलं डोकं तिच्या तळहाताखाली आणून ठेवलं.

“सुटली,” तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, पण तिला ऐकू आलं.

मारोतीने भाविकाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. दार उघडलं, आतून गार वाऱ्याचा झोत आला आणि ट्रॉली हळूहळू पुढे सरकली. सखूचा हात त्याच्या केसांवरून घसरत गेला आणि सुटला. दार पुन्हा लागलं तरी केतन तसाच वाकून उभा होता.